दाढ काढायला वेळ आहे: पुन्हा गोळ्या, की आधी पू काढून घ्यायचा?

आईची खालची दाढ तीन महिन्यांत तिसऱ्यांदा सुजली. रक्तातली साखर वाढलेली, म्हणून दाढ काढणं पुढे ढकललेलं. पहिल्या दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स केला, तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी दाढ उघडून पू काढला.

गोळ्या सोप्या वाटतात. दोन-तीन दिवसांत सूज उतरते, घरच्यांना हायसं वाटतं. पण दाढेतली नस मेलेली असते, तिथे रक्तच पोहोचत नाही, मग औषध कुठून पोहोचणार? कोर्स संपला की काही आठवड्यांत ठणका परत. मेडिकलमधून जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणणं तर नकोच. जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

पू काढायचा म्हटल्यावर आई घाबरली होती. सुजलेल्या जागी भुलीचा परिणामही जरा कमीच होतो, हे खरं. पण आतला दाब गेला आणि त्या रात्री ती शांत झोपली. मला हाच मार्ग पटला, दाढ निघेपर्यंतच्या काळासाठी. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर मात्र सोबत अँटिबायोटिक लागतंच, आणि मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दोन्हींत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतात. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, कातडी भाजते.

तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज पसरली, तर तारखेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी.