मांजराच्या कार्डावर कुत्र्याच्या लशीचं स्टिकर

जुळे सोलापूर आणि विजापूर रोडच्या बाजूला ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे आणि ज्यांनी मागच्या उन्हाळ्यात माणूस घरी बोलावून लस टोचून घेतली, त्यांनी आधी कपाटातून ते लसीकरणाचं कार्ड काढून समोर ठेवावं. मी पुढं जे सांगणार आहे ते कार्डाशी ताडून बघितलं तर आपली लस खरी होती की खोटी ते लवकर कळेल.

त्या माणसाचं नाव इथं लिहीत नाही. पोलिसांकडं तक्रार अर्ज दिलाय, त्यात आहे.

आमच्या अपार्टमेंटमध्ये तो आला तो मे महिन्यात. सोलापूरचा मे म्हणजे बेचाळीसच्या खाली पारा उतरायला तयार नसतो. दुपारी कुत्र्याला घेऊन बाहेर पडायचं तर डांबरावर त्याचे पाय भाजतात, रिक्षावाले कुत्रं बघूनच पुढं जातात, आणि मांजर तर पिशवीत घातलं की अख्ख्या गल्लीला कळतं. त्याला हे सगळं पाठ होतं. "एवढ्या उन्हात कशाला दवाखान्यात नेताव ओ ताई, मी येतो की घरी. आठ-दहा जनावरं जमवा, रविवारी एकदमच उरकू." रेबीज आणि सेव्हन इन वन (कुत्र्यांच्या पार्व्हो, डिस्टेंपर अशा जीवघेण्या आजारांवरची एकत्र लस), दोन्ही मिळून पाचशे रुपये, कार्ड फुकट. दवाखान्यात एकट्या सेव्हन इन वनलाच त्याहून जास्त लागतात. तो स्वस्तात देतो कारण कंपनीकडून थेट माल घेतो, असं त्याचं म्हणणं.

आमचा बंड्या तेव्हा जेमतेम दीड-दोन महिन्यांचा होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या नवऱ्याच्या टॉवेलच्या कारखान्यामागं सापडलेलं गावठी पिल्लू. वरच्या मजल्यावरच्या अक्कांची चिन्नी मांजर, खालच्या घरातलं लॅब्रॅडोरचं पिल्लू, शेजारच्या रो-हाऊसमधला म्हातारा पॉमेरेनियन, अशी सगळी मंडळी पार्किंगमध्ये जमली. त्यानं मोटारसायकलच्या डिकीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात सिरिंजा भरूनच आणलेल्या होत्या. अक्कांनी विचारलं, बाटली कुठाय? तर म्हणाला, बाटल्या रस्त्यात फुटतात, म्हणून घरूनच भरून आणतो. एकेकाला मानेवरची कातडी धरून सुई टोचली, कार्डावर दोन स्टिकर चिकटवली, गोल शिक्का मारला, फोनपेवर पैसे घेतले आणि अर्ध्या तासात पुढच्या सोसायटीला गेला. जाताना म्हणाला, "आता वर्षभर बघायचं काम नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळ्यात मोठं खोटं तेच होतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली आणि माझी बहीण बार्शीहून मुलाला घेऊन आली. होम मैदानावरून पाळणे-बिळणे करून संध्याकाळी घरी आले सगळे. भाचा बंड्याला कडक भाकरीचा तुकडा दाखवायचा आणि मागं घ्यायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी बंड्यानं भाकरीबरोबर बोटही धरलं. रक्त आलं. बहिणीच्या सासूबाई हळद-चुना घेऊन धावल्या, पण बहीण नर्सिंग शिकलेली आहे. तिनं पोराचा हात सरळ नळाखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटं धूत राहिली. जखमेवर चुना, तिखट, हळद काहीही लावायचं नसतं आणि पट्टीही घट्ट बांधायची नसते. वाहतं पाणी आणि साबण हाच पहिला उपचार.

मग आम्ही सिव्हिलला गेलो. मी मोठ्या विश्वासानं बंड्याचं कार्ड पुढं केलं. तिथल्या डॉक्टरांनी ते नीट बघितलंही नाही. म्हणाले, "कुत्र्याची लस झाली असली तरी मुलाचा डोस आजच सुरू होणार. रक्त आलंय." जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, आणि दंडात लस. आज पहिला, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, वागणं बदललं किंवा दगावलं तर लगेच कळवा. बहिणीच्या नवऱ्याला वाटत होतं, कार्ड आहे तर पोराला एवढ्या सुया कशाला? मलाही मनातून तसंच वाटत होतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून डॉक्टर कार्डाच्या भरवशावर बसत नाहीत, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी बंड्याला तपासायला पशुवैद्यांकडं नेलं. त्यांनी मात्र कार्ड उजेडात धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला शेजारी बोलावून एकेक दाखवत गेले.

पहिलं म्हणजे स्टिकर. लशीच्या बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर लावायचं असतं, ते गुळगुळीत असतं आणि त्याच्या कडा मशीननं कापलेल्या असतात. आमच्या कार्डावरचा कागद साधा, रंगीत झेरॉक्सचा, कात्रीनं कापून डिंकानं लावलेला. नख लावलं तर शाई निघाली. दुसरं, रेबीजच्या आणि सेव्हन इन वनच्या स्टिकरवर बॅच नंबर एकच. दोन वेगळ्या लशींचा बॅच एक कसा असेल? तिसरं, मुदत संपल्याची तारीख टोचल्याच्या तारखेच्या आधीची. म्हणजे ते स्टिकर खरं मानलं तरी लस मुदतबाह्य होती. चौथं, शिक्क्यात फक्त "पेट केअर" एवढंच. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, सही म्हणजे एक आडवी रेघ.

आणि या सगळ्याच्या वर, पिल्लाचं वय. पिल्लाच्या अंगात आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे असते, ती लशीला काम करू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची, ती सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन्ही एकाच दिवशी टोचून "वर्षभर बघायचं काम नाही" असं कुठलाही पशुवैद्य म्हणणार नाही. म्हणजे सिरिंजमध्ये खरी, चांगली लस असती तरीही बंड्या उघडा राहण्याचीच भीती होती.

मी विचारलं, मग त्यात होतं काय? ते म्हणाले, आता काय सांगता येणार? मिठाचं पाणी असेल, व्हिटॅमिन असेल, किंवा खरीच लस असेल आणि डिकीत शिजली असेल. लशी दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात. पार्व्हो-डिस्टेंपरची लस दोन बाटल्यांत येते, एकीत वाळवलेली वडी आणि दुसरीत पाणी. दोन्ही मिसळल्यावर ती लगेच टोचायची, अर्धा तास गेला तरी ताकद उतरते. सकाळी घरून सिरिंजा भरून निघालेला माणूस दुपारी बारा वाजता आमच्या पार्किंगमध्ये काय टोचत होता, त्याचा विचार करा. रेबीजच्या लशीचं उलटंही आहे, ती गोठली तरी बिघडते, म्हणजे बर्फात खुपसून आणली म्हणून चांगली राहिली असं नाही. दूध नासलं तर वास येतो, लस नासली तर बघून काहीच कळत नाही.

घरी येऊन मी सगळ्यांना कार्डं आणायला सांगितली. अक्कांच्या हॉलमध्ये चटईवर ती मांडली आणि वाचायला लागलो. बॅच नंबर सगळ्यांवर तोच. चिन्नीच्या कार्डावर, म्हणजे मांजराच्या कार्डावर, सेव्हन इन वन. त्यात डिस्टेंपर, लेप्टो, सगळे कुत्र्यांचे आजार. मांजरांची लस वेगळी असते, त्यांच्या पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या आजारांसाठी. त्या भामट्यानं निदान मांजराचं स्टिकर छापायचे कष्ट तरी घ्यायचे होते! अक्का तेलुगूत दोन शब्द बोलल्या, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

मग खालच्या घरातल्या वहिनी गप्प झाल्या. त्यांचं लॅब्रॅडोर ऑगस्टमध्ये गेलं होतं. उलट्या, मग रक्ताचे पातळ जुलाब, तो विशिष्ट घाण वास, तिसऱ्या दिवशी संपलं. दवाखान्यात पार्व्हो निघाला तेव्हा यांनी स्वतःच सांगितलं होतं, "नाही हो, याची लस झालीय," आणि घरी दोन दिवस ओआरएस पाजत बसले होते, कारण लस झालेल्या पिल्लाला पार्व्हो कसा होईल? कार्डानं त्यांचे दोन दिवस खाल्ले. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून आता त्या घरी नवं पिल्लू आणायचं तरी आधी ब्लीचिंगनं सगळं धुवायला सांगितलंय.

त्या लसवाल्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला, "स्टिकर प्रिंटरवाल्यानं चुकवलं असेल" म्हणाला. अक्कांनी फोन घेतल्यावर म्हणाला, "मी कुठं डॉक्टर म्हटलं होतं? मी सर्व्हिस देतो." खरंच, कार्डावर कुठंही डॉक्टर लिहिलेलं नाही. जो जास्त ओरडला त्याचे पैसे परत केले, बाकीच्यांचे नंबर ब्लॉक.

कायदा मात्र स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 सालचा आहे आणि पशुवैद्यकीय उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानंच करायचे असतात. पदविकाधारकांना किरकोळ सेवा देता येतात, पण त्यासुद्धा नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. आपल्या राज्याची पशुवैद्यक परिषद नागपूरला आहे, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी झालेल्या माणसाला तिथला नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारला तर खऱ्या डॉक्टरला राग येत नाही. पोलीस चौकीत पहिल्यांदा "कुत्र्याच्या इंजेक्शनचं काय घेऊन बसलाव" असं झालं. भाच्याचा केसपेपर पुढं ठेवल्यावर अर्ज घेतला.

घरी बोलावणं वाईट असं माझं म्हणणं नाही. बंड्याला आताही डॉक्टर घरीच येतात, फी जास्त घेतात. ते आले की आधी थर्मामीटर लावतात, छाती तपासतात, जुलाब-उलटी आहे का विचारतात, कारण आजारी जनावराला लस देत नाहीत. आइस पॅकच्या डब्यातून दोन सीलबंद बाटल्या काढतात, मुदत मला वाचायला लावतात, समोर मिसळतात, नवी सिरिंज फोडतात. एका जनावराला एक पूर्ण डोस, मग ते पॉमेरेनियन असो की ग्रेट डेन. "लहान आहे, अर्धीच देतो" म्हणणारा दुसरी अर्धी कुठंतरी विकतोय. आणि टोचल्यावर वीस मिनिटं बसतात, चहा घेतात. लगेच तोंड सुजलं, अंगावर गांधी आल्या तर ते तिथंच असतात. आमचा तो भला माणूस सुई काढली की किक मारत होता.

बंड्या दहा दिवसांनी ठणठणीत होता, भाच्याचे डोसही पूर्ण झाले. आता आमच्याकडच्या सगळ्या जनावरांचं लसीकरण पहिल्यापासून सुरू आहे. काहींनी विचारलं, रक्त तपासून आधीची लस लागू पडलीय का बघता येईल का? रेबीजची तशी चाचणी असते, पण ती महाग आणि नमुना बाहेर पाठवावा लागतो. त्यापेक्षा जनावराला लस झालेलीच नाही असं धरून नव्यानं टोचणं सोपं, आणि मागची चुकून खरी निघाली तरी पुन्हा टोचल्यानं सहसा अपाय होत नाही, असं आमचे डॉक्टर म्हणतात.

तुमच्याही कार्डावर तसलंच झेरॉक्सचं स्टिकर निघालं तर रागानं ते फाडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फोनपेची पावती शोधून ठेवा, आणि कार्डाची प्रत अर्जाला जोडा. आमच्या अर्जासोबत आता शेजारच्या दोन सोसायट्यांचीही कार्डं गेलीत, बॅच नंबर तोच.