उजवीकडचे दोन टायर

मला टायरच्या एकाच सेटमध्ये सगळं हवं होतं. रोज रत्नागिरी-हातखंबा ये-जा आणि वर्षातून एकदा मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर दिवसभर गाडी हाणायची. म्हणून माझ्या पोलो गाडीसाठी 195/55 आर16 मापात ट्रेडवेअर 200 वाले टायर शोधत होतो. ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा आकडा, तो जितका कमी तितकं रबर मऊ: पकड जास्त, झीज लवकर. जून 2020 पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आल्यामुळे असले टायर सहज मिळत नाहीत. टंचाई असली की माणूस प्रश्न कमी विचारतो. मी तेच केलं.

जाहिरातीवरून एक विक्रेता मिळाला. "दादा, 2023 चा माल आहे, फक्त तुमच्यासाठी ठेवलाय." चारचे 30 हजार. पक्कं बिल हवं तर वर तेव्हाचा 28 टक्के जीएसटी, म्हणून कच्च्या पावतीवर भागवलं. फिटिंग-बॅलन्सिंग फुकट. "तोवर चहा घ्या," म्हणाला. घेतला चहा, तिथेच चुकलं. आलो तेव्हा चारही चाकं चढवून झाली होती आणि त्याने स्वतःहून डावीकडच्या टायरवरचे चार आकडे दाखवले: 2223. म्हणजे 2023 चा बाविसावा आठवडा. मी खूश.

महिनाभराने कोल्हापूरहून येताना आंबा घाटात पावसाने गाठलं. या टायरना खाचा कमी, साठलेल्या पाण्यावर ते तरंगणार हे माहीत होतं, म्हणून सावकाशच होतो. पण वळणावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. दर वेळी डावीकडेच. पालीपर्यंत हात थरथरत होते.

तिथल्या टायरवाल्या चाचांनी जॅक लावला, उजवं चाक उतरवलं आणि आतल्या बाजूवर बॅटरी मारली. 3417. मागचा 0817. तारखेचे आकडे शक्यतो टायरच्या एकाच अंगाला असतात. माझे टायर बाणाचे, एकाच दिशेने फिरणारे. डावीकडे जे अंग बाहेर येतं तेच उजवीकडे आत जातं. त्या पठ्ठ्याने ताजे दोन डावीकडे घातले आणि सात वर्षांचे दोन उजवीकडे, तारीख आत. चाचांनी डाव्या टायरच्या रबरात नख दाबलं, रुतलं. उजव्यावर नुसतं घसरलं. ब्रेकला पकड फक्त डावीकडे, म्हणून गाडी तिकडेच ओढायची. "हे कुणीतरी ट्रॅकवर तापवून तापवून सोडलेत. नक्षी आहे, रबर मेलंय," म्हणाले. वरून काळं पॉलिश, शिवाय आयएसआयचा शिक्का चारांतल्या एकावरही नाही.

विक्रेत्याला फोन केला तर, "पावती दाखवा." पावतीवर फक्त 'टायर 4 नग'. नंतर नंबर बंद.

असा सौदा करणार असाल तर टायर रिमवर चढण्याआधी जमिनीवर आडवे टाकून दोन्ही अंगं बघा, चारही टायरचे आकडे बिलावर लिहून घ्या आणि फिटिंग चालू असताना चहाला जाऊ नका. मी आता रोजचे साधे टायर घेतलेत, ट्रॅकसाठी वेगळी चार रिमं जमवतोय. महाग पडतंय, पण आमच्याकडे चार महिने पाऊस असतो.

उजवीकडचे दोन मामेभावाने मागून नेले. मिरकरवाडा बंदरात त्याच्या ट्रॉलरच्या कुशीला लटकतायत, धक्क्याला आपटायला.