बोअरचं पाणी, ५० वर्षांचे पाइप आणि सॉफ्टनर : ११ महिन्यांनंतर

मुलुंड पूर्वेतली आमची इमारत १९७४ची. तळमजला अधिक तीन, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, घरात चार माणसं. गेल्या नोव्हेंबरात बाथरूमच्या भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकले आणि त्याच लाइनवर सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला क्षार कमी करणारं यंत्र, बसवला. त्यानंतर एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. पहिल्या पंधरवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती तक्रार. आता दोन्ही बाजू नीट सांगता येतील असं वाटतं.

आधी पाण्याबद्दल, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. मुंबईत पालिकेचं पाणी हार्ड, म्हणजे क्षाराने कठीण, नसतं. तानसा, भातसा, वैतरणा हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी. जमिनीत मुरून, खडकातून झिरपत आलेलं नाही, त्यामुळे त्यात क्षार कमीच. क्षार येतो तो बोअरमधून आणि टँकरमधून. २००९ साली पाऊस ओढला, पाणीकपात लागली, तेव्हा आमच्या सोसायटीने बोअर मारली. तेव्हापासून गच्चीवर दोन टाक्या आहेत. पालिकेचं पाणी स्वयंपाकघराला, बोअरचं न्हाणीघर आणि संडासाला. मे महिन्यात बोअर आटली की त्याच दुसऱ्या टाकीत टँकर रिकामा होतो. तुमच्या इमारतीत कुठली लाइन कुठून येते हे आधी गच्चीवर जाऊन बघून या. वॉचमनला बहुतेक वेळा सेक्रेटरीपेक्षा जास्त माहीत असतं.

मी तपासणीचं थेंबांचं किट आणलं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात दोन रसायनं टाकली की ते दारूसारखं तांबूस होतं. मग तिसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे आणि रंग निळा झाला की थांबायचं. स्वयंपाकघरातलं पाणी तिसऱ्या-चौथ्या थेंबाला निळं झालं. बाथरूमचं होता होईना. हिशेब केला तर कठीणपणा लिटरमागे ४८० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. टीडीएस ११५० होता. टीडीएस आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीडीएसचा मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, त्यात मीठही आलं. पाइपात आणि गीझरमध्ये थर बसतो तो त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. घरी येऊन टीडीएसचा आकडा दाखवून सॉफ्टनर विकणाऱ्याला हा फरक जरूर विचारा.

आमचा त्रास वर्षानुवर्षांचा होता. शॉवरची निम्मी भोकं बंद, उरलेल्यांतून पाणी भलतीकडे. नळाच्या जाळीत दर महिन्याला पांढरी खडी. साबण कितीही चोळा, फेस नाही, बादलीच्या कडेला मात्र करडी साय. दोन वर्षांत गीझरची पाणी तापवणारी कॉइल तीनदा बदलली. हे सगळं आम्ही अंगवळणी पाडून घेतलं होतं. हलवलं ते खालच्या काकूंनी. एक दिवस जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, वर काही गळतंय का बघ गं. माझं छत परत ओलं झालंय." तिसऱ्यांदा सांगत होत्या, तेही न चिडता. मला फार लाज वाटली.

प्लंबरने मोरीच्या भिंतीतली फरशी फोडली तेव्हा मी शेजारीच उभी होते. एल्बोपाशी (पाइप वळतो त्या जोडापाशी) पाइपाला हात लावला तर बोटाला गंज ओला लागला. त्याने पान्याने जोड सैल करायला घेतला आणि पाइप आट्यांपाशी बिस्किटासारखा तुटला. "ताई, ह्याला आता नवे आटे पडायचे नाहीत. इथे कसला की पुढचा सुटेल." जुन्या जोडांवर सूत आणि सफेदा तसाच होता, वाळून खडूसारखा झालेला. कापलेला तुकडा मी उजेडात धरला. अर्ध्या इंचाचा पाइप, पण आत तांबड्या गाठी एकमेकींना भिडलेल्या, मधून उदबत्ती जाईल इतकीच वाट. गीझरच्या पुढचा गरम पाण्याचा तुकडा वेगळा होता. त्यात गंजावर पांढरा, थरावर थर चढलेला लेप, कांद्याच्या पाकळ्यांसारखा. कारण सरळ आहे. पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, ते विरघळलेलं राहत नाही, म्हणून खाली बसतं. थंड लाइन गंजाने भरते, गरम लाइन क्षाराने. शॉवरला जोर नाही म्हणून आम्ही इतकी वर्षं गच्चीवरच्या टाकीला दोष देत होतो. दोष भिंतीत होता.

म्हणून ज्यांची इमारत पन्नाशीला आली आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पाइप जीआयचे असतील तर नुसता सॉफ्टनर बसवून भागणार नाही. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं आहे तसंच खारटही आहे. सॉफ्टनर खारटपणा काढत नाही आणि लोखंड गंजवण्यात त्या खारटपणाचा मोठा हात आहे. उलट नुसते पाइप बदलले असते तर गंज थांबला असता, पण कॉइल आणि नळ पुन्हा तसेच बसले असते. दोन दुखणी, दोन औषधं.

आता यंत्राबद्दल. आमचा सॉफ्टनर हाताने चालवायचा आहे, आत २५ लिटर रेझिन. रेझिन म्हणजे मोहरीएवढे पिवळसर मणी. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं दाट पाणी आतून फिरवायचं, म्हणजे ते पुन्हा रिकामे होतात. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं हे गृहीत धरून मी गणित मांडलं. २५ लिटरचे साडेबाराशे ग्रॅम, लिटरमागे ४८० मिलिग्रॅमच्या पाण्यावर सुमारे २,६०० लिटर. आमची आंघोळ आणि कपडे मिळून रोजचे ४०० लिटर. म्हणजे सहा-साडेसहा दिवस. विकणाऱ्याने "महिन्यातून एकदा मीठ घाला" असं सांगितलं होतं. ते आमच्या पाण्याला कधीच लागू नव्हतं. घेण्याआधी हा हिशेब स्वतः करा, तिसरी-चौथीचा गुणाकार आहे.

पहिला महिना वाईट गेला. आठवडाभर पाणी सुरेख, मग मीठ फिरवल्यावरही थेंबांचा रंग लवकर निळा होईना. दोनदा माणूस आला, व्हॉल्व फिरवून गेला. शेवटी आमच्या प्लंबरनेच ओळखलं की मिठाच्या टाकीतली पातळी खाली जातच नाही. यंत्र मिठाचं पाणी स्वतः खेचून घेतं, पण त्यासाठी दाब लागतो. दाब बारमध्ये मोजतात, दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे जेमतेम १ बार. आमच्या बाथरूमपासून गच्चीवरची टाकी आठेक मीटरच वर. यंत्राच्या पुस्तिकेत किमान दीड बार लिहिलेलं होतं आणि बसवणाऱ्याने मोजलंच नव्हतं. अर्ध्या एचपीचा छोटा प्रेशर पंप लावला आणि त्याच दिवसापासून सगळं सुरळीत झालं. जुन्या बैठ्या इमारतींत हा प्रश्न बहुतेकांना येईल, विशेषतः वरच्या मजल्यांना. पंपाचा खर्च आणि जागा आधीच धरा. पंपाच्या आधी गाळाचा फिल्टरही लावला, कारण बोअरचा गाळ आणि लोह रेझिनवर बसलं तर मणी निकामी होतात. त्याच्या आतली गाळणारी कांडी मी दीड महिन्याने बदलते. पहिली कांडी विटकरी झाली होती.

त्यानंतरचे दहा महिने मनापासून समाधानाचे आहेत. कपड्यांना पावडर निम्मी लागते. टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होत नाहीत, हे सासूबाईंनी सगळ्यात आधी टिपलं. शॉवर एकदाही खोलावा लागला नाही. नळ अजून मऊ फिरतात. पूर्वी क्वार्टर टर्न नळाची डिस्क वर्षभरात खरखरायला लागायची. सुरुवातीला अंगावरचा साबण गेलाच नाही असं बुळबुळीत वाटतं, आठ-दहा दिवसांत सवय होते. केस हाताला मऊ लागतात, पण केस गळायचे थांबतात असं जे सांगतात ते माझ्या बाबतीत खरं ठरलं नाही.

मिठाचं काम मात्र नेमाने करावं लागतं. दर रविवारी सकाळी सुमारे ३ किलो मीठ, पाऊण तास, आणि धुऊन निघणारं जवळजवळ २०० लिटर पाणी. मुंबईत इतकं पाणी ओतून देताना जीव तुटतो. मिठाआधी रेझिनमधून उलट दिशेने पाणी सोडून गाळ धुतात, ते पाणी मी पिंपात धरते, ते जिने आणि पॅसेज पुसायला चालतं. मिठाचं पाणी झाडांना घालू नका, माझी तुळस त्यात गेली. मे महिन्यात टँकर आले तेव्हा प्रत्येक टँकरचं पाणी वेगळं निघालं, म्हणून दर दोन दिवसांनी थेंब टाकून बघत होते. ऑगस्टमध्ये बोअरला पावसाचं पाणी लागलं, कठीणपणा ३४० वर आला आणि रविवारचं काम नऊ दिवसांवर गेलं.

हे पाणी स्वयंपाकाला आणि प्यायला आम्ही घेत नाही. कठीणपणा १०० ने उतरला की लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. आमच्याकडे ते २०० च्या वर जातं आणि सासूबाईंना बीपी आहे. स्वयंपाकघरात पालिकेचं पाणी येतंच, डाळही त्यात छान शिजते.

गीझरबद्दल दोन गोष्टी. आतला मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजून टाकी वाचवतो. सॉफ्टनरच्या पाण्यात तो लवकर झिजू शकतो, म्हणून नव्या गीझरचा रॉड नवव्या महिन्यात काढून बघितला. निम्म्याच्या खाली आला होता. वर्षाने बदलायचा हे आता कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. आणि तापमान ६५ वरून ५० वर आणलं. जितकं कमी तापवाल तितका थर कमी. गीझरमधला दाब वाढला की तो सोडणारा सेफ्टी व्हॉल्वही क्षाराने अडकतो, तो जुन्या गीझरवर पूर्ण बसला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. तेवढा प्लंबरकडून आजच तपासून घ्या.

संडासाची लाइन मी सॉफ्टनरवर घेतली नाही, मिठाचा खर्च वाढला असता. तिथे अजून जुनाच उपाय चालतो. वाण्याकडून लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) आणायचं, दोन मोठे चमचे मगभर कोमट पाण्यात, रात्री भांड्यात ओतून ठेवायचं, सकाळी ब्रश. फ्लशच्या टाकीतला वॉशर, अँगल कॉकची जाळी, सगळं त्यातच भिजवते. बाजारातलं तीव्र ॲसिड वापरू नका, नळांचा मुलामा जातो. कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. लिंबाचं फूलसुद्धा कडाप्प्यावर सांडू देऊ नका. कडाप्पा म्हणजे चुनखडकच. मी भिजवलेला शॉवर रात्रभर मोरीच्या कडाप्प्यावर ठेवला होता, सकाळी तिथे शॉवरच्या आकाराचा पांढुरका गोल उमटला होता. तो अजून तसाच आहे.

खर्च असा झाला. यंत्र २२,०००, पंप आणि फिल्टर मिळून ९,५००, पाइप, फोडकाम आणि टाइल्ससह ६४,०००. मिठाची २५ किलोची गोणी पावणेदोन महिने जाते. सोसायटीने पाइपाचा खर्च उचलला नाही आणि ते बरोबरच होतं, घरातली लाइन आपली असते. बाहेरच्या उभ्या लाइनचं काम सोसायटीचं, ते अजून व्हायचंय.

भाड्याच्या घरात, किंवा सगळीकडे पालिकेचं पाणी येत असेल तिथे, हे यंत्र घेऊ नका. बोअरची वेगळी लाइन असेल, पाइप बदलण्याची तयारी असेल आणि दर आठवड्याला पाऊण तास देणारं कुणी घरात असेल तर जरूर घ्या. मी पुन्हा घेतलं असतं, फक्त दाब आधी मोजला असता.

काकूंच्या छताला जूनमध्ये रंग दिला, आमच्या खर्चाने. अख्खा पावसाळा तो कोरडा राहिला. आता स्वयंपाकघरातली लाइन उरली आहे. तिथे पाणी गोडं आहे, पण पाइप तेच १९७४चे. दिवाळी झाली की ओट्याखालची फरशी उघडायची ठरली आहे.