ट्यूबुलर की लिथियम? किनाऱ्यावरच्या सोलर घरासाठी बॅटरी, इन्व्हर्टर आणि फ्यूज

कोकणात सोलरवर घर चालवायचं ठरलं की पॅनेलचा निर्णय लवकर होतो. माडांची सावली चुकवून कौलांवर किंवा खळ्यात स्टँड उभा केला की तो विषय मिटतो. अडतं ते बॅटरीपाशी. दापोलीच्या किनाऱ्यावर आमच्या घरात आधी ट्यूबुलर, म्हणजे शिसे आणि अॅसिडच्या बॅटऱ्या होत्या, आता लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसतं लिथियम) आहे. दोन्हींवर काही पावसाळे काढले आहेत, त्या अनुभवावर हे लिहितोय. तुमचं घर सड्यावर, समुद्रापासून आत असेल तर काही गोष्टी वेगळ्या निघू शकतील.

ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेल्या सोलरबद्दल एवढंच, की लाइन गेली की तो इन्व्हर्टरही बंद होतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइन नव्हती. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना बॅटरी का हवी हे वेगळं सांगायला नको.

आता हिशोब. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची ट्यूबुलर म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. ती टिकवायची तर रोज निम्म्यापर्यंतच उतरवायची, म्हणजे हातात ९००. १०० एएचची लिथियम १२८० वॉट-तासांची, तिच्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे हजाराच्या वर. थोडक्यात १५० च्या ट्यूबुलरची बरोबरी १०० च्या लिथियमशी करा. दुकानात एएच बघून किंमत लावली तर लिथियम अकारण महाग वाटते. तरीही ती महाग आहेच, पण फरक वाटतो तेवढा नाही. शिवाय अॅसिड भरलेली ट्यूबुलर पन्नास-साठ किलोची. आमच्यासारखं घर पाखाडी उतरून खाली असेल, तर तेवढं वजन दोघांनी धरून ओल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून उतरवायचं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. लिथियम एकटा माणूस उचलून आणतो.

पण माझा निर्णय वजनावर झाला नाही आणि किमतीवरही नाही. तो झाला उघडिपीवर.

आषाढ-श्रावणात आपल्याकडे ऊन कसं पडतं बघा. तीन-चार दिवस नुसता काळोख, मग दुपारी बाराच्या सुमाराला पाऊस उघडतो, लख्ख ऊन पडतं आणि दीड-दोन तासांत पुन्हा सर येते. त्या दोन तासांत मिळेल तेवढी वीज साठवायची असते, आणि नेमकं तिथेच ट्यूबुलर आडमुठेपणा करते. ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभर चार्ज होते. पुढे १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज १४.४ ला पोचलं की ती घेणारा करंट कमी कमी करत जाते. शेवटच्या वीस टक्क्यांना चार-पाच तास सहज लागतात. वर ऊन तापलेलं, पॅनेल द्यायला तयार, आणि पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरच्या पडद्यावर चार्जिंगचा आकडा ३० वरून २०, २० वरून १२ अँपिअरवर उतरत जाताना बघायचा. तेवढ्यात आभाळ भरून येतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की बॅटरी एकदाही पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि दिवाळीपर्यंत तिची ताकद कमी झालेली जाणवते. हा बॅटरीचा दोष नाही, तिचं रसायनच तसं आहे. भर उन्हाच्या प्रदेशात तिला रोज संध्याकाळपर्यंत पोटभर मिळतं, इथे चार महिने मिळत नाही.

लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत भरभरून घेते. अर्धवट राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. उलट सतत शंभर टक्क्यांवर बसण्यापेक्षा अधेमधे राहणं तिला मानवतं. दोन तासांची उघडीप पूर्ण सत्कारणी लागते.

गणपतीत हे फार जाणवतं. मुंबईहून सगळे आलेले, रात्री आरत्या आणि भजनं, वाटपासाठी मिक्सर, फ्रिज भरलेला, आणि पाऊस अजून गेलेला नाही. वर्षातली सर्वात जास्त गरज आणि कमी ऊन नेमकं एकाच वेळी. ट्यूबुलर असताना काकू स्वयंपाकघरातून विचारायची, "मिक्सर लावू का रे?" आता ती विचारत नाही. माझ्यापुरतं मोजमाप एवढंच आहे.

ट्यूबुलरचा दुसरा त्रास टर्मिनलचा. अॅसिडचा अंश आणि खारी हवा एकत्र आली की लगांवर, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या तांब्याच्या कड्यांवर, निळा-हिरवा थर चढतो. कोळेरोगासाठी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतो ना, त्यातलं मोरचूदच ते. गरम पाण्यात सोडा घालून धुवायचं, पुसायचं, पेट्रोलियम जेली लावायची. पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागतं. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून बॅटरी मोकळ्या हवेत, म्हणजे पडवीत ठेवायची, आणि पडवीतच खारं वारं जास्त. लिथियम मी माजघराच्या बाजूच्या कोरड्या खोलीत ठेवली आहे.

लिथियमचेही त्रास आहेत. पहिला म्हणजे तिचं व्होल्टेज बराच वेळ १३.२-१३.३ च्या आसपास स्थिर असतं. ट्यूबुलरसाठी बनवलेला इन्व्हर्टर व्होल्टेज बघून बॅटरीच्या रेघा दाखवतो, त्यामुळे रात्रभर 'फुल' आणि पहाटे एकदम अंधार. त्यासाठी शंटवाला, म्हणजे बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजणारा मीटर लावून घ्या, त्याशिवाय लिथियम घेऊच नका. दुसरं, चार्जिंगची सेटिंग बदलावी लागते. इक्वलायझेशन (ट्यूबुलरसाठी अधूनमधून जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) बंदच हवं, नाहीतर जास्त व्होल्टेजला आतला बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट) बॅटरी तोडतो, आणि ऐन उन्हात बॅटरी अशी अचानक तुटली की कंट्रोलरला धक्का बसू शकतो. २४ व्होल्ट हवे असतील तर १२ च्या दोन जोडण्यापेक्षा २५.६ व्होल्टचा एकच पॅक बरा. पावसाळा संपला की एकदा पूर्ण भरू द्यायची, म्हणजे आतले सेल समपातळीवर येतात. आणि बीएमएस बिघडला तर तालुक्याच्या गावी तो दुरुस्त करणारा मिळेलच असं नाही. ट्यूबुलर कोणीही वायरमन बघू शकतो आणि जुनी झाली तरी भंगारात चांगली किंमत येते. हे ट्यूबुलरच्या बाजूने मोठं आहे, मान्य करायलाच हवं.

इन्व्हर्टरचं थोडक्यात सांगतो. ट्रान्सफॉर्मरवाला की बिनट्रान्सफॉर्मरचा, एवढाच प्रश्न असतो. साइन वेव्ह, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा, तर हवाच. बिनट्रान्सफॉर्मरचे हलके असतात, एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्ज कंट्रोलर) आतच असतो, रिकामे असताना वीजही बहुधा कमी खातात. पण आगरातल्या विहिरीवर अर्ध्या एचपीचा पंप असेल, तर सुरू होताना तो चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो. ट्रान्सफॉर्मरवाला हा झटका शांतपणे पचवतो. पंखा दमट खारी हवा आत ओढतो तेव्हा बिनट्रान्सफॉर्मरवाल्याच्या दाट सर्किट बोर्डावर काय होईल याचीही मला धास्ती वाटते, आणि कोकणात पाली आत शिरतात हे आहेच. मी वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला घेतला, जाळी लावली, एमपीपीटी वेगळा ठेवला. रात्री त्याची घरघर ऐकू येते आणि रिकामा असताना तो जास्त खातो, हे खरं आहे. पंप नसेल तर कदाचित मीही दुसरा घेतला असता.

फ्यूजवर मात्र तडजोड नको. बरेच फिटर बॅटरीच्या वायरवर घरातल्या लाइनसाठीचा साधा एसी एमसीबी (शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवून देतात. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीत, म्हणजे बॅटरी-पॅनेलच्या विजेत, तो शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच जळत राहते. शॉर्ट झाला तर लिथियम हजारो अँपिअर देऊ शकते, तिथे साधा एमसीबी चिकटून बसेल. डीसी एमसीबी हा बरा पर्याय, पण त्यातल्या कित्येकांना प्लस-मायनसची दिशा असते. उलटा जोडला तर ठिणगी विझवण्याची सोयच चालत नाही. मी तो पॅनेलच्या बाजूला ठेवला आहे आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर बोल्टने आवळायचा एचआरसी (खूप मोठा करंट सुरक्षितपणे तोडणारा) फ्यूज लावला आहे. घेताना त्यावर डीसी व्होल्टेज छापलेलं आहे ना, तेवढं बघा. १५०० वॉटचा इन्व्हर्टर २४ व्होल्टवर पूर्ण लोडला सत्तर अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून १०० चा फ्यूज आणि त्याला पेलणारी ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. लग कल्हई केलेल्याच घ्या. नुसतं तांबं इथल्या हवेत काळं पडतं, सांधा गरम होतो, आणि शॉर्ट नसतानाही फ्यूजची पट्टी पिवळी पडलेली दिसते.

गणपती-शिमग्यालाच उघडणारं घर असेल तर माझ्या मते लिथियमच. अर्धी भरून, मेन स्विच काढून ठेवली तर महिनोन्‌महिने तशीच राहते; बंद घरात ट्यूबुलरचं पाणी कोण बघणार? पण वर्षभर माणसं राहतात, महावितरणची लाइन बऱ्यापैकी टिकते आणि सोलर फक्त जोडीला हवा असेल, तर बॅटरी लाइनवर रोज पूर्ण भरते. तिथे उघडिपीची अडचण उरत नाही. अशा घरी ट्यूबुलर घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांतून चांगला फ्यूज आणि जाड केबल घ्यावी.