निलगिरीच्या ओंडक्यांचं घर: सिमरोलपुढे १६ महिने राहिल्यावर

घर झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. म्हणून दोन उन्हाळे आणि एक पावसाळा जाऊ दिला. इंदूरच्या रामबागेतलं घर भावाकडे सोपवून आम्ही दोघं आणि आई फेब्रुवारी २०२४ पासून इथेच राहतो. खंडवा रस्त्यावर, सिमरोल ओलांडल्यावर आत, सागाच्या विरळ जंगलाला लागून पाऊण एकर आणि समोर गावतलाव. विजेची तार नाही, नळ नाही.

कर्जही नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही. शेतजमिनीवर ओंडक्यांचं घर म्हटल्यावर बँकेतला माणूस हसला, तिथेच तो विषय संपला. मग जेवढे पैसे साठतील तेवढंच काम. २०१८ला जमीन, २०२१ला पाया, त्याच वर्षी निलगिरीचे ओंडके आणून सावलीत रचून ठेवले, भिंती उभ्या राहिल्या त्या २०२२च्या हिवाळ्यात. तेव्हा या रखडण्याची लाज वाटायची. पण दलालानं ‘इथेच बांधा, व्ह्यू मस्त आहे’ म्हणून दाखवलेल्या जागी ऑगस्टात गुडघाभर पाणी उभं राहिलेलं आम्ही पाहिलं, ते केवळ हातात पैसे नव्हते म्हणून. घर ६० फूट मागे, चढावर घेतलं. पाया काळ्या मातीत ठेवला नाही; ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला सोबत ओढते. खाली मुरुम लागेपर्यंत खणलं आणि वर अडीच फूट काळ्या दगडाचं जोतं घेतलं.

लेकफ्रंट वगैरे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, मेमध्ये आमचा लेक दोनशे फूट लांब जातो आणि मध्ये उरतो तो चिखल, बगळे आणि गावच्या म्हशी. आईला मात्र हेच दिवस आवडतात, म्हशींशी गप्पा होतात.

आता लाकूड. ओंडका सुकला की जाडीत आकसतो, लांबीत जवळपास नाही. आडवे ओंडके रचलेली भिंत म्हणून वरून खाली बसत जाते, पण दाराची उभी चौकट होती तेवढीच राहते. चौकटीवर दोन इंच फट ठेवून ती पट्टीनं झाकायची, हे मी वाचलं होतं. सुतार मिस्त्रींना ते पटेना. ‘साहब, इतनी बड़ी झिरी? लोग हँसेंगे।’ मी अडून बसलो, तरी पश्चिमेची एक खिडकी त्यांनी आपल्या पद्धतीनं गच्च बसवलीच. एक वर्षाहून जास्त सुकवलेलं लाकूड असूनही भिंत आतापर्यंत सव्वा इंच बसली आहे. बाकी दारं-खिडक्या एका बोटानं उघडतात. ती खिडकी गेल्या जूनपासून उघडलेली नाही.

शिवाय निलगिरी पीळ मारते. ओंडक्यांमधल्या फटी सुतळी आणि सीलंटनं भरल्या होत्या, त्यातल्या तिसरा हिस्सा तरी पुन्हा भराव्या लागल्या. कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकचा हात सगळीकडे दिलाय, पण तो पावसानं धुऊन जातो, म्हणून छपराच्या वळचणी तीन फूट बाहेर काढल्या. वाळवी जोत्याच्या दगडावरून मातीच्या नळ्या करत चढते. दर रविवारी टॉर्च घेऊन चक्कर मारतो, दोनदा पकडली. भुंग्यांनी ओसरीच्या खांबाला पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडलीत, त्यांच्यापुढे मी हरलोय. मेमध्ये दुपारी आत तापतं, दगडी घराइतकं थंड राहत नाही. रात्री मात्र लवकर निवतं, आणि माळव्यातली रात्र असतेच तशी.

वीज: ५४० वॉटची ६ पॅनल, ५ युनिटची लिथियम बॅटरी. उन्हाळ्यात दिवसाला १३ युनिटपर्यंत मिळते, आम्हाला ६ पुरतात. जुलैतल्या झाकोळलेल्या दिवशी ३सुद्धा मुश्किल. सलग तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद, दूध शेजारच्या शेतावर. कोणी आधी सांगितलं नाही ते हे, की इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी आमचा दिवसाला युनिटभर स्वतःच खातो. पॅनल कमी असली तरी चालेल, पण हा आकडा विचारून घ्या. छतावरच्या सोलरसाठीच्या सरकारी सूर्यघर योजनेची सबसिडी ग्रिडला जोडलेल्या घरांना असते, आम्हाला शून्य. गीझर नाही, आजीचा तांब्याचा बंब माळ्यावर पडून होता, तो ओंडक्यांच्या कापट्यांवर धडधडतो. गॅसचं सिलेंडर आहे, तो हट्ट केला नाही.

पाणी छपराचं. ६० चौरस मीटर कौलांवरून पावसाळ्यात साधारण ४५ हजार लिटर हाती लागतं, पण टाकी २० हजारांचीच परवडली, त्यामुळे मे महिन्यात दोन टँकर मागवले. नर्मदा जलूदहून ७० किलोमीटर पंप होऊन इंदुरात येते. तिथे नळ उघडा ठेवून दात घासणारा मी आता तांब्या मोजतो. संडास दोन खड्ड्यांचा, काहीच तक्रार नाही.

पुन्हा बांधलं तर? जोतं, वळचणी, छपराचं पाणी असंच. टाकी दुप्पट. भिंती बहुतेक दगडाच्या, ओंडके फक्त ओसरीला. बायकोला हे मान्य नाही; पहिल्या सरीनंतर भिंतींना जो वास येतो तो दगडाला कुठून येणार, म्हणते.

पावसाआधी पश्चिमेची खिडकी कापून काढायची आहे. काल मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, ‘आता हूँ साहब। इस बार झिरी छोड़ देंगे।’