बुकिंगच्या खऱ्या ॲपमध्ये आलेला खोटा संदेश आणि व्हेनिसच्या खोलीचे पैसे

कुटुंबासह युरोपच्या किनाऱ्यावरील गावे पाहायला पहिल्यांदाच जाणाऱ्यांना वेळीच सावध करता यावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. खिसेकापू, मनगटात बळेच दोरा बांधून पैसे मागणारे लोक, मीटर न लावणारे टॅक्सीवाले यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हीही ते सारे वाचून, पासपोर्ट कपड्यांच्या आत बांधून आणि मुलांना चार सूचना देऊन निघालो होतो. आमची फसवणूक यांपैकी कोणीही केली नाही. ज्या व्यवहारात ती झाली त्यातली खोली खरी होती, घरमालकीण खरी होती, बुकिंगचे ॲप खरे होते, आणि खोटा संदेश ज्या संभाषणात आला ते संभाषणही खरेच होते.

आमचा मार्ग असा होता: आधी फ्रान्समधील नीस, तेथून समुद्राला लागून धावणाऱ्या रेल्वेने सीमेवरचे व्हेन्तिमिल्या ओलांडून इटलीतील जेनोआ, मग लेव्हान्तो येथे राहून चिंक्वे तेर्रेची पाच गावे, आणि शेवटी व्हेनिस. बरोबर माझे आईवडील आणि दोन मुले होती. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत आणि पुलांना पायऱ्या आहेत, त्यामुळे वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून व्हापोरेत्तोच्या, म्हणजे तेथील प्रवासी बोटीच्या, थांब्याजवळची तळमजल्यावरची जागा बरीच आधी शोधून ठेवली होती. भाडे ६८४ युरो होते आणि ते तेथे पोहोचल्यावर घरमालकिणीला द्यायचे, असे आरक्षणाच्या पुष्टिपत्रात स्पष्ट लिहिले होते.

नीसमध्ये असताना एका संध्याकाळी ॲपमध्ये संदेश आला. आपल्या कार्डाची पडताळणी अपूर्ण राहिली आहे, सोबतच्या दुव्यावर जाऊन ती १२ तासांत पूर्ण न केल्यास आरक्षण आपोआप रद्द होईल, असा त्याचा आशय होता. त्यात माझे नाव, मुक्कामाच्या तारखा, पाहुण्यांची संख्या आणि ६८४ युरो ही रक्कम, सगळे बिनचूक होते. त्याच्या लगेच वर, त्याच संभाषणात, मुलांसाठी जादा गादी मिळेल का या आमच्या प्रश्नाला घरमालकिणीने पूर्वी दिलेले उत्तर दिसत होते. अनोळखी क्रमांकावरून संदेश आला असता तर कोणीही थबकले असते. येथे थबकण्याचे कारणच ठेवलेले नव्हते.

त्या संदेशात एक वाक्य असेही होते, की व्हेनिस शहराच्या नव्या नियमांनुसार पाहुण्यांची नोंद सक्तीची आहे. फसवणूक करणाऱ्याचे खरे कसब मला या वाक्यात दिसते. कारण व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवसांसाठी प्रवेशशुल्क खरोखरच सुरू केले आहे. प्रथम ते ५ युरो होते. २०२५ मध्ये ऐनवेळी भरणाऱ्यांसाठी ते १० युरो झाले. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क माफ असते, मात्र त्या माफीची नोंद पालिकेच्या संकेतस्थळावर करावी लागते. शिवाय माणशी, दर रात्रीचा पर्यटक कर वेगळा असतो आणि तो बहुधा घरमालकच गोळा करतो. हे सारे वाचून गेलेल्या माणसाला ‘नोंद’, ‘पडताळणी’, ‘नियम’ हे शब्द ओळखीचेच वाटतात. जो अभ्यास करून जातो त्यालाच हा सापळा अधिक खरा वाटतो, हे मला आजही खटकते.

दुव्यावरचे पान हुबेहूब बुकिंग कंपनीच्या पानासारखे होते. त्यावर आमच्या खोलीचे छायाचित्र होते, तारखा आधीच भरलेल्या होत्या, आणि कोपऱ्यात मदतनीसाशी बोलण्यासाठी एक चौकटही होती. रक्कम केवळ तात्पुरती रोखली जाईल आणि पडताळणी होताच मोकळी होईल, असे त्या चौकटीतून सांगण्यात आले. कार्डाचा तपशील भरल्यावर ओटीपी आला नाही. देशात कार्डाने केलेल्या बहुतेक ऑनलाइन खरेदीत ओटीपी मागितला जातो, म्हणून तो आल्याशिवाय पैसे जाणार नाहीत, अशी आपली सर्वांची समजूत झालेली असते. परदेशी विक्रेत्याकडे मात्र भारतीय कार्डावरचा व्यवहार ओटीपीविना पूर्ण होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या बाबतीत तसेच झाले. मग पानावर ‘पडताळणी अयशस्वी, कृपया दुसरे कार्ड वापरा’ अशी सूचना आली आणि पत्नीच्या कार्डाचा तपशील भरला गेला. पुढच्या काही मिनिटांत दोन्ही बँकांचे लघुसंदेश आले. दोहोंत पूर्ण रक्कम वजा झालेली होती आणि पैसे घेणाऱ्याचे नाव भलत्याच कुठल्यातरी दुकानाचे होते. ते नाव वाचताक्षणी दोन्ही कार्डे बँकांच्या ॲपमधून बंद केली. पहिल्या कार्डावर त्यानंतरही एक मागणी आली, ती बँकेने नाकारली.

घरमालकिणीला आम्ही थेट फोन केला. तिने असा कोणताही संदेश पाठवला नव्हता आणि आमच्या आधी आणखी काही पाहुण्यांनी तिला हेच सांगितले होते. पुढे व्हेनिसमध्ये भेटल्यावर तिने जे सांगितले त्यातून सगळा उलगडा झाला. काही आठवड्यांपूर्वी तिला एका पाहुण्याच्या तक्रारीच्या रूपात ईमेल आला होता. तक्रारीचे पुरावे पाहण्यासाठी दिलेला दुवा उघडताच तिच्या संगणकात चोरटी आज्ञावली शिरली आणि बुकिंग कंपनीच्या खात्याचा तिचा पासवर्ड चोरांच्या हाती गेला. तेव्हापासून ते तिच्याच खात्यात बसून तिच्याच नावाने पाहुण्यांना लिहीत होते. लहान हॉटेले आणि घरगुती निवासस्थाने यांना गाठण्याची ही पद्धत युरोपभर वापरली गेली आहे. आमची मालकीण भली होती, पण आरक्षणाचे खरे पैसे तिला मिळालेच नव्हते, म्हणून खोलीचे भाडे तिला नियमाप्रमाणे द्यावेच लागले.

खोट्या जागांपासून वाचण्यासाठी जे सल्ले दिले जातात त्यांतील एकही येथे उपयोगी पडला नसता. इटलीत अल्पकालीन भाड्याच्या प्रत्येक जागेला राष्ट्रीय ओळखक्रमांक असतो आणि तो जाहिरातीत देणे बंधनकारक आहे. आमच्या जागेचा तो क्रमांक अगदी योग्य होता. परीक्षणे खरी होती, पत्ता खरा होता. खोटेपणा दिसत होता तो दोनच ठिकाणी. पुष्टिपत्रात ‘पोहोचल्यावर पैसे’ असे असताना आधी पैसे मागितले जात होते, ही पहिली विसंगती. दुसरी दुव्याच्या पत्त्यात होती. पत्त्याच्या सुरुवातीला कंपनीचे नाव दिमाखात होते, परंतु संकेतस्थळाचा खरा मालक पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगतच्या डावीकडील शब्दांवरून कळतो, आणि तेथे भलतेच नाव होते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नेमका तोच भाग दिसत नाही. म्हणून असा संदेश आला तर दुवा न उघडता ॲपमधील आपल्या आरक्षणाच्या पानावर जावे आणि तेथे खरोखर काही रक्कम येणे दाखवली आहे का ते पाहावे. घरमालकाशी बोलायचे तर त्याच संभाषणात विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर चोरच देणार, फोन करावा. प्रवासाला निघण्यापूर्वी कार्डावरच्या परदेशी ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा अगदी कमी ठेवावी. दुकानात कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय वेगळी असते, ती चालू ठेवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांमुळे हे सारे बदल प्रत्येक ग्राहकाला स्वतः करता येतात.

तक्रारीचा भाग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण सुटीवर असताना तो टाळण्याचा मोह होतो. बँकांना आम्ही त्याच रात्री कळवले. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही लगेच तक्रार नोंदवली; देशात असणाऱ्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे. व्हेनिसमध्ये सान झाकारियाच्या चौकातील काराबिनिएरी या इटालियन पोलीस दलाच्या ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली आणि तिची शिक्क्यासह प्रत घेतली. त्यात एक अख्खी सकाळ गेली, मुले कंटाळली, पण पुढे बँकेने पहिल्यांदा तोच कागद मागितला. घरमालकिणीकडून ‘हा संदेश मी पाठवलेला नाही’ असे सहीचे पत्र घेतले. ॲपमधील संभाषणाची छायाचित्रे वर-खाली सरकवून, आधीच्या खऱ्या संदेशांसह काढून ठेवली होती, तेही बरे झाले, कारण नंतर तो खोटा संदेश ॲपमधून काढून टाकला गेला.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच तपशील दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही बँकांनी आधी याच नियमाकडे बोट दाखवले. पत्नीच्या कार्डावरचा व्यवहार अजून पक्का झालेला नव्हता आणि विक्रेत्याने त्यावर पुढे दावा केला नाही, त्यामुळे ती रक्कम परत आली. माझ्या कार्डाबाबत बँकेने नकार दिला. बुकिंग कंपनीने सुरुवातीला ‘हा व्यवहार आमच्या व्यवस्थेबाहेर झाला’ असे साचेबद्ध उत्तर पाठवले. संदेश त्यांच्याच ॲपमध्ये आल्याची छायाचित्रे, ठाण्याच्या तक्रारीची प्रत आणि मालकिणीचे पत्र एकत्र जोडून पुन्हा लिहिल्यावर, कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, त्यांनी ‘सदिच्छा म्हणून’ निम्मी रक्कम देऊ केली. ती युरोमध्ये आली. बँकेने परकीय चलनासाठी सुरुवातीला आकारलेले साडेतीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी मात्र परत मिळाला नाही, आणि ते पैसे मागणारा माझा अर्ज अजून बँकेत पडून आहे.