बेदाणावाल्यांनो, इन्सॅटचे ढगांचे फोटो वापरून बघा (५ पैकी ४ स्टार)

तासगाव भागात माल एकदा रॅकवर टाकला की मार्च-एप्रिलमधे जीव टांगणीला लागतो, बेदाणा वाळेपर्यंत एखादा वळीव जरी आला तरी शेडमधे ओल शिरते, माल काळा पडतो न् दर गेलाच. आधी मी एक खाजगी ॲप बघायचो, त्यात नुसतं पावसाची शक्यता ४० टक्के यायचं, त्यावरनं पडदे सोडायचे का नाही ते कसं ठरवणार?

आता हवामान खात्याच्या वेबसाइटवरचे सॅटेलाइट फोटो बघतो. फुकट आहे आणि लई कामाचं आहे. आपल्या इस्रोचे इन्सॅट-३डीआर (२०१६ला सोडलेला) आणि इन्सॅट-३डीएस (फेब्रुवारी २०२४ला सोडलेला) हे उपग्रह जवळपास ३६,००० किमीवरनं सारखं भारतावरच नजर ठेवून असतात, त्यामुळं लागोपाठचे फोटो बघितले की ढग कुठनं कुठं सरकतोय ते कळतं.

वळवासाठी इन्फ्रारेड (उष्णता टिपणारा) फोटोच बघा, तो रात्रीपण दिसतो. ढग जेवढा उंच जाईल तेवढा त्याचा माथा गार, वादळी ढग १२-१५ किमीपर्यंत चढला की माथ्याचं तापमान साधारण उणे ५० ते ७० अंशांपर्यंत उतरतं आणि फोटोत तो पांढराफेक दिसतो. गेल्या एप्रिलात दुपारी जतच्या पलीकडं असाच नखाएवढा ठिपका होता, पुढच्या फोटोत दुप्पट झाला, कडा एकदम रेखीव. बाहेर ऊन चटके देत होतं तरी शेडवरच्या माणसांना सांगून चारी बाजूचे पडदे सोडले, संध्याकाळी वाऱ्यासकट गारा आल्या पण माल कोरडा राहिला. मऊ, विस्कटलेल्या कडेचा पांढरा पट्टा असेल तर तो बऱ्याचदा नुसता उंचावरचा पातळ ढग असतो, त्याला घाबरू नका.

एक स्टार कापला कारण उपग्रहाला एक पूर्ण फोटो टिपायलाच (स्कॅन) साधारण २६ मिनिटं जातात आणि वळीव अर्ध्या-पाऊण तासात उभा राहतो, म्हणून फोटोवरच्या पट्टीतली वेळ आधी वाचायची. शिवाय इन्फ्रारेडचा एक ठिपका ४ किमीचा, आपल्याच शिवारात पडणार का ते त्यात कळत नाही. ढगात पाऊस किती आहे त्याला रडारचा फोटो बघा, आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमधे ठेवाच, ते जमिनीवरच्या सेन्सरवर चालतं.